गोड बोलण्याचे दिवस

आमचा सुपरवायझर तोंडाचा फाटका. "ए ठोंब्या, गोंद सांडतोय, डोळं फुटलं का?" हाच त्याचा रामराम. बारामतीच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कंपनीत मी मशीनवर होतो. त्याच्या शिव्या खाल्ल्याशिवाय आमची पाळी सुरू व्हायची नाही. आणि एके सकाळी हाच बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चहा घेतलास का रे?" मी हातातला पुठ्ठा उलटाच मशीनमध्ये सारला.

रात्रपाळी आधीच बंद झाली होती. कागदाचे ट्रक यायचे थांबले होते. तरी मी मनाची समजूत काढत होतो. पण असला माणूस गोड बोलायला लागला म्हणजे आपलं काही खरं नाही, एवढं मला कळत होतं.

घरी बायकोला सांगितलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "येताना चार खोकी आणा. वाकडीतिकडी चालतील."

"कशाला?"

"भांडी भरायला. खोली सोडायची वेळ आली तर ऐनवेळी कुठं हुडकायची?"

मी असा भडकलो! "अजून नोकरी हाय माझी! घरात अभद्र बोलायचं न्हाय!"

"न बोलल्यानं टिकती व्हय नोकरी?" तिनं दूध निम्मं केलं, शेजारणींची ब्लाउजं शिवायला घेतली आणि रोज एकच टुमणं लावलं, "निरवांगीला जाऊन तात्यांना विचारा, आमी आलो तर चालंल का."

तात्या म्हणजे माझे थोरले भाऊ. गावाकडची, निरवांगीची आमची जमीन सामाईक, पण राबायचे तेच. मी लग्नाआधीच बारामतीला आलो आणि तेव्हापासून त्या घरात पाहुणा झालो. गेलो की वैनी खुर्ची मांडायच्या, कपबशीतून चहा द्यायच्या. बाकीची सगळी खाली बसून पेल्यातून प्यायची. पूर्वी त्या खुर्चीचा मला केवढा तोरा! आता तीच टोचायला लागली. खुर्चीत बसून, बशीत चहा ओतून, 'मला परत घरात घ्या' असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? एकदा गेलो, तर पाऊसपाण्याचं बोलून परत आलो. पुन्हा गेलो, तेव्हा तात्यांनी स्वतःच विचारलं, "काय म्हणती कंपनी?" आणि मी म्हणालो, "झकास!" जीभ झडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी बायकोनं ताट वाढलं ते आपटूनच.

मग कंपनीनं आठवडाभर काम बंद ठेवलं. कारण विचारलं तर सुपरवायझर आणखीनच गोड हसला. मी तडक एसटी पकडून निरवांगी गाठली. आता विचारायचंच, असं वाटभर घोकत होतो. घरात पाऊल टाकलं तर वैनींनी खुर्चीला हातही लावला नाही. "भावजी, ह्यांच्या पाठीत उसण भरलीया आन पाटाला पाणी सुटलंय. बिगीनं रानात जावा."

तात्या कमरेला हात लावून बांधावर उभे होते. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "प्यांट वर घे. खोरं उचल."

उसाला पाणी देणं सोपं असतं. एक सरी भरली की मातीनं तिचं तोंड बुजवायचं आणि पुढची उघडायची. लहानपणी मी हे डोळे मिटून करायचो. आता खोरं हातात ठरेना, तळव्याला फोड आले, आणि डोक्यात नुसतं 'कसं विचारू, कसं विचारू'. तेवढ्यात बांध फुटला आणि पाणी खालच्या शेजाऱ्याच्या भुईमुगात शिरलं.

"आरं ए बैला!" तात्यांची आरोळी शिवारभर गेली. "हाताला मेंदी लावून आलायस व्हय रं? नोकरीनं पार वाया घालवला! उद्याच्याला असं केलंस तर ह्याच खोऱ्यानं टाळकं फोडीन!"

उद्याच्याला! मी गुडघाभर चिखलात उभा राहिलो आणि मला रडूच आलं. बारामतीला गेल्यापासून त्या घरात मला कुणी अरे म्हणून ओरडलं नव्हतं. आमच्याकडची किती पोरं त्या एमआयडीसीत होती. बातमी माझ्याआधी पोचली असणार. मी फुटलेला बांध हातानंच माती लोटून बुजवला. तात्या वर उभे राहून शिव्या देतच होते.

परतलो तेव्हा बायको शिवत बसली होती. तिनं माझ्या चिखलानं भरलेल्या पँटकडं पाहिलं.

"विचारलं?"

"न्हाय."

"अवो, मग गेलता कशाला?"

"तात्यांनी शिव्या दिल्या."

तिची सुई थांबली. "कशा?"

"बैल म्हणाले. टाळकं फोडीन म्हणाले. रानातल्या सगळ्यांनी ऐकलं."

"आन वैनींनी चहा?"

"पेल्यात दिला. उंबऱ्यावर बसून प्यालो."

तिनं तोंडाला पदर लावला. हसली का रडली, मला कळलं नाही. मग उठून तिनं खाटेखालची खोकी बाहेर ओढली. मी आणली नव्हती. तिनंच कुठल्या तरी किराणावाल्याकडून मागून आणली होती.

"अगं, अजून गेली न्हाय नोकरी," मी म्हणालो. या खेपेला माझा आवाज चढला नाही.

"न्हाय गेली तर देव पावला," खोक्यावरची धूळ पुसत ती म्हणाली. "गेली तर शिव्या खायला घर हाय."