त्या दुपारी मला बाहेर कोणी आणलं?

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून स्वयंपाकघरात जाणारी बाई मी. आमच्याकडे अंगात येणंसुद्धा कुणी मानत नसे. तरी हे लिहितेय... कारण हे माझ्याच बाबतीत घडलं.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. नवरा भुसावळला रेल्वेत. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले होते, रावेरजवळच्या खेड्यात. मूल मोठं होतं, अडलं. सुटका झाली त्या क्षणी ओटीपोटाखाली हाड काडकन वाजलं — सुईणीलाही ऐकू गेलं. मुलगी धडधाकट, पण मला उभं केलं की कंबर दोन्हीकडे फाकल्यासारखी व्हायची आणि मी कोसळायचे. खाटेवर घालून भुसावळला नेलं. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "कंबरेची हाडं पुढे जिथे जुळतात, तो सांधा सुटलाय. पट्टा घट्ट बांधा आणि पडून राहा. भरून येईल, पण वेळ लागेल."

पुन्हा माहेरी आले. कुशीवर वळायचं तरी माय दोन्ही गुडघे धरून वळवायची.

श्रावण होता. बऱ्याच दिवसांची झड उघडली म्हणून माय धुणं घेऊन नदीवर गेली. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी आतल्या खोलीत, पलीकडे पाळण्यात लेक. एकाएकी वरच्या मातीच्या धाब्यातून, छतातून, माती भुरभुरायला लागली. तुळई करकरली. मी हाका मारल्या, कुणी आलं नाही. पाळण्यापर्यंत हात पोचेना...

पुढचं मला आठवत नाही. खरंच नाही. डोळ्यांवर ऊन आलं तेव्हा मी अंगणात बसले होते, लेक मांडीवर — आणि मागे खोलीचं छत खाली आलं.

आवाज ऐकून माय धावत आली. "कशी आली व तू इथलोग?"

"माहीत नाही."

ती ओसरीशी गेली आणि तिथेच थांबली. आतल्या खोलीला दार एकच, ते ओसरीवर उघडायचं. नदीवर जाण्याआधी तिने ओसरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारवली होती. दाराशी तेवढी माती उडाली होती, बाकी सारवण ओलंच होतं. त्यावर तिच्या बोटांचे वळ जसेच्या तसे... आणि पाऊल एकही नाही. माझं नाही, कुणाचंच नाही. सरपटल्याचा फराटाही नाही. मी माझे तळवे पाहिले. कोरडे होते.

उठायला गेले तर तीच कळ, तसंच कोसळणं. पुढच्या एक्स-रेत हाडांमधली फट होती तेवढीच होती.

"कुणीतरी उचलून आणलं असेल," डॉक्टर म्हणाले. "या हाडांवर चालताच येत नाही."

"घरी कुणीच नव्हतं," माय म्हणाली. त्यांनी पट्टा आणखी घट्ट बांधायला सांगितला.

दिवाळीनंतर मी काठी धरून चालायला लागले. हळूहळू सगळं पूर्ववत झालं. पण मला काही आठवत नाही, यावर मायचा विश्वास कधी बसलाच नाही. ती गेली त्या वर्षी भेटायला गेले, तर नातीला बाहेर पाठवून माझा हात धरून म्हणाली, "आता तरी सांग व... कोन होतं?"

तिला काय सांगणार होते मी? मलाच अजून कळलेलं नाही.