नोएडाच्या डब्यात माझं मीठ

तेव्हा मी लहान होते. फार तर अडुसष्टची असेन. जगातला कुठलाही पदार्थ माझा हात लागल्याशिवाय अळणीच राहतो, अशी त्या वयात माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीपायी दिल्लीकडे जाऊन मी कितीतरी अनोळखी माणसांचा उपास मोडला. नातवंडं हे ऐकून अजून हसतात. मीही हसते, पण त्यातल्या एका बाईचा नवस होता, तिथं आलं की थांबते.

माझी भाची रेवती नोएडात राहते. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत. ती शाळेत शिकवायची, ते सोडून तिनं एक गाळा भाड्यानं घेतला आणि डबे करून द्यायला लागली. नवरात्राच्या आधी तिचा फोन आला.

"मावशी, इथं नऊ दिवस उपासाच्या थाळीला फार मागणी असते. हे नवरात्र नीट पार पडलं तर गाळा ठेवीन. नाहीतर दिवाळीनंतर परत शाळा. येतेस का हाताखाली?"

हाताखाली! मी घरात सांगितलं, सल्लागार म्हणून बोलावलंय. आणि पुण्याहून गाडीत बसले.

निजामुद्दीनला उतरले तेव्हा हवेत किंचित गारवा होता. टॅक्सी यमुना ओलांडून नोएडात शिरली. तिथं वस्त्यांना नावं कमी, नंबर जास्त. सेक्टरामागून सेक्टर जातात आणि सगळे सारखेच दिसतात. पण रस्त्याच्या कडेनं सातवीण फुललेली होती आणि तिचा उग्र वास बंद काचेतूनही आत येत होता. चौकाचौकांत देवीच्या लाल चुनऱ्या (ओढण्या) विकायला टांगलेल्या.

रेवतीचा गाळा पाहून मी कपाळाला हात लावला. दार सताड उघडं! गिऱ्हाईक सरळ शेगडीपर्यंत यायचं. कुणी तेलाचा डबा उचलून वाचायचं, कुणी कढईत डोकवायचं. ही सगळ्यांना म्हणायची, "आइए, देख लीजिए." कामं अर्धवट टाकून लोकांशी बोलत बसायची. एका आजोबांना दात नव्हते, तर त्यांची भाजी वेगळी शिजायची.

"हे दुकान आहे की धर्मशाळा?" मी विचारलं.

"मावशी, बाहेरचं खायला माणूस घाबरतो. आत येऊन गेला की घाबरत नाही."

"आणि तुझी कृती चोरून नेली म्हणजे?"

"नेऊ दे की. रोज पहाटे उठून कांदा चिरायला कोण बसणार आहे?"

पहिले दोन दिवस मी बटाटे सोलले. कुट्टूच्या (उपासाला चालणाऱ्या काळसर पिठाच्या) पुऱ्या लाटल्या, समा के चावल म्हणजे आपली वरईच हे कळल्यावर तिथं कामाला असलेल्या पोरींना वरईवर व्याख्यानही दिलं. तिसऱ्या दिवशी रेवती डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. मी साबुदाण्याची खिचडी चाखली. अळणी. शेजारी बरणीत कसलीशी गुलाबी पूड होती. हे डाएटवाल्यांचं खूळ असणार, असं मी ठरवलं. मागच्या फळीवरचा आपला साध्या मिठाचा डबा काढला आणि सढळ हातानं घातलं. बटाट्याच्या भाजीतही घातलं. मग पुन्हा चाखलं आणि स्वतःवरच खूश झाले. तेव्हाच्या त्या 'मी'चा मला आज इतका राग येतो!

डबे गेले. भांडी आवरताना रेवतीला तो डबा दिसला.

"मावशी, हे मीठ कशाला काढलंस?"

मी अभिमानानं सांगितलं.

"अगं, इकडे उपासाला साधं मीठ चालत नाही. फक्त सेंधा नमक."

सेंधा म्हणजे सैंधव. ती गुलाबी पूड तीच. आपल्याकडे आयुष्यभर साध्या मिठाची खिचडी खाऊन मी एकादश्या केल्या. हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण माझी जीभ तेव्हाही थांबली नाही.

"कुणाला कळणार आहे? पोटात गेलं, विरघळलं. तू गप्प बस."

"मी दार उघडं ठेवते म्हणून ते माझ्याकडे खातात. आज तेवढं लावून घेऊ?"

"आणि गाळा गेला म्हणजे?"

"गेला तर गेला," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकांची यादी समोर ओढली.

तिनं एकेकाला फोन लावला. "आज की थाली में सादा नमक पड़ गया है। गलती हमारी है।" माझं नाव तिनं एकदाही घेतलं नाही. एकजण हसला. एका बाईंनी इतकं सुनावलं की फोनबाहेर ऐकू आलं. बऱ्याच जणांनी उद्यापासून डबा नको म्हणून सांगितलं. गाझियाबादच्या त्यागी आंटी फोन उचलेनात.

"मग जायलाच हवं," रेवती म्हणाली. त्यागी आंटींच्या मुलाचं दसऱ्यानंतर हृदयाचं ऑपरेशन होतं. त्यांनी नऊ दिवस कडक उपासाचा नवस बोलला होता. गुडघ्यांमुळे ओट्याशी उभं राहवत नाही, म्हणून डबा.

आम्ही टॅक्सीनं निघालो. वाटेत हिंडन नदी लागली. पाणी काळं आणि जागच्या जागी थांबलेलं. आंटींनी दार उघडलं. घरात धुपाचा वास होता आणि रिकामा डबा धुऊन पालथा घातलेला दिसला. रेवतीनं हात जोडून सगळं सांगितलं.

"किसने डाला?" त्यांनी विचारलं.

"हमारे यहाँ से ही..."

"मैंने," मी म्हटलं. माझं हिंदी तेवढ्यावरच संपलं.

आंटी देवीच्या फोटोकडे वळल्या. मग म्हणाल्या, "अब आप लोग जाइए।" दार लागलं.

पुढचे दिवस शेगडी निम्मीच पेटायची. रेवती रोज दार उघडून बसायची. मी मिठाच्या वाटेला गेले नाही.

दसऱ्यानंतर मी परत निघाले. पुढे हळूहळू रुसलेल्यांपैकी काही परतले, काही कधीच आले नाहीत. पण परतलेले शेजाऱ्यांना घेऊन आले. रेवतीनं गाळा ठेवला, तो आजही आहे. त्यागी आंटींचा मुलगा ऑपरेशनमधून सुखरूप उठला, तेही पुढे कळलं. गाडी मथुरा मागे टाकून धावत होती तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मी आयुष्यभर स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन रांधलं, चुकले तेव्हा ते आणखी घट्ट ओढलं, एवढंच मनात येत होतं. आणि अष्टमीची सकाळ.

त्या सकाळी दारात रिक्षा थांबली होती. त्यागी आंटी उतरल्या आणि भिंतीला धरत थेट शेगडीपाशी आल्या. त्या दिवशी तिकडे कंजक असते, म्हणजे कुमारिकांना देवी मानून जेवू घालतात. हलवा, पुरी, चणे. रेवती उभी राहिली. आंटींनी तिच्याकडे पाहिलं नाही. गुलाबी बरणी उचलून त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"मेरी कंजकों का खाना यहीं बनेगा। और नमक आप डालेंगी, बहनजी। अब आपसे गलती नहीं होगी।"