प्रॉम्प्टरशिवाय आठ ओळी

आंधळगावच्या तेजरामकाकांनी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत पस्तीस वर्षे खलनायक केला आणि त्या पस्तीस वर्षांत एकही संवाद पाठ केला नाही. तशी गरज नव्हती. नत्थू प्रॉम्प्टर वही घेऊन विंगेत बसे. तो जे कुजबुजे, तेच काका गर्जत. एकदा नत्थूने विंगेतून "सरक, पडदा पडून राहिला" असे बजावले, तर काकांनी तेही नायिकेवर डोळे वटारून म्हटले. टाळ्या पडल्या.

गुडघे दुखू लागले तसे नाटक सुटले. त्याच हिवाळ्यात मोहाडीजवळच्या एका विहारात हारुए मॅडम राहायला आल्या. जपानात त्यांनी तीस वर्षे नोह शिकवले होते. नोह हे तिकडचे शेकडो वर्षांचे जुने नाटक. त्यात नट गातो, नाचतो आणि बराच वेळ काहीही करत नाही. शेवटची बाब गुडघ्यांना मानवणारी वाटल्याने काका शिकायला गेले. सोबत नत्थू होता, कोऱ्या वहीसह.

"ये कौन?" मॅडमनी विचारले. बोधगयेतल्या वास्तव्यामुळे त्यांना कामापुरती हिंदी येत असे.

"हमारा प्रॉम्प्टर जी."

"नोह में शब्द पेट से आता. ये बाहर."

बाहेर चपला घालताना नत्थू म्हणाला, "गड्या, तुह्या पोटात भाताबिगर काई हाये का? माह्याबिगर एक ओळ बोलून दाखव."

"आठ बोलतो," काका म्हणाले. "बुद्धपौर्णिमेले, साऱ्या गावासमोर."

बोलून चुकल्यावर माघार घेणे खलनायकाला शोभले नसते.

मॅडमनी त्यांच्यासाठी आठ ओळींचा एक जपानी तुकडा रचला: चंद्र, पाणी आणि अजून न परतलेली नाव. नाचात टाच जमिनीवरून उचलायची नव्हती. पाऊल पुढे घासत न्यायचे. काका सारवलेल्या ओसरीवर पांढरे मोजे घालून, हातातल्या कागदावरून आठही ओळी म्हणत हा सराव करीत.

"काहून जी," त्यांची बायको बायजाबाई विचारीत, "धानाच्या बंधीतल्या चिखलात फसल्यावानी काहून चालून राहिले? आन् ते मोजे धुवाले काय जपानातून बाई येनार हाये?"

त्याच ओसरीवर बायजाबाई आणि शेजारच्या चौघीजणी बिड्या वळत. महिनाभर त्यांनी ऐकून घेतले. मग त्या चौघींतली दीपमाला म्हणाली, "काकाजीची एक ओळ होये वरी माह्या चार बिड्या होतेत. असं कोनी गाते का?" पुढे त्या आपल्या हाताच्या वेगाने गुणगुणू लागल्या. एका ओळीला एक बिडी. ओळ संपताना सुताची गाठ. काकांचे तिकडे लक्ष नव्हते. कागद बाजूला ठेवला की त्यांना चार ओळी येत आणि पाचवी रोज हरवे.

मॅडमनी मागे बसून सोबत गायचे, असे ठरले होते, म्हणून काका निर्धास्त होते. परंतु मे महिन्याच्या उन्हाने कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मॅडमचा घसा पार बसला. आता त्या मिटलेल्या हातपंख्याने लाकडी खोक्यावर केवळ ठेका धरू शकत होत्या.

बुद्धपौर्णिमेच्या सायंकाळी काका मंचावर आले. चार ओळी पोटातून निघाल्या, आणि ते थांबले. नोहमध्ये नट थांबतो, हे लोकांना आधीच सांगून ठेवलेले असल्यामुळे कोणी चुळबुळ केली नाही. एका वृद्ध गृहस्थाने हातही जोडले. खरी स्थिती पहिल्या रांगेतल्या नत्थूने ओळखली, कारण काकांचा उजवा कान विंगेकडे वळला होता. ओळ नत्थूलाही येत नव्हती, तरी तोंड सवयीने उघडत होते. अखेर त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याचा बोळा तोंडात कोंबला.

दोन मिनिटे गेली. बायजाबाईंना राहवेना. त्यांनी बसल्या जागेवरून पाचवी ओळ मोठ्याने म्हटली. चौघींनी सहावी उचलली. सारे बिडीच्या वेगाने! मॅडमचा संथ ठेका मागे पडला. काकांना टाच न उचलता धावावे लागले आणि एक मोजा मंचाच्या मध्यभागीच राहिला. न परतलेली नाव अर्ध्या मिनिटात परतली.

"वन्स मोर!" लोक ओरडले.

नत्थूने दुपट्टा काढला. "हारला! बायकायनं प्रॉम्प्टिंग केली."

"प्रॉम्प्टिंग कानात असते," काका धापा टाकत म्हणाले. "ह्या तं पार करडी गावापावतर आयकू गेल्या. हे हारन्यात धरत नाही."

"मंग वन्स मोर एकटा कर."

काकांनी बायकांच्या रांगेकडे बोट रोखले. "कोनी तोंड उघडू नका."

"आमाले काय करा लागते जी," बायजाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून बसल्या.

काकांनी कान विंगेकडून सरळ केला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. पाचवी ओळ आली. सहावी आली. सातवी, आठवीही आली. सगळ्या एकामागोमाग एक, बिडीच्याच वेगाने. मॅडम खोक्यावर पंखा आपटून त्यांना आवरू पाहत होत्या. मग हसू न आवरून त्यांनीच तो वेग धरला. एकदाही न अडखळता काका शेवटापर्यंत पोहोचले.

नत्थूने दोन्ही हात जोडले. "आलं गड्या. पोटातूनच आलं."

"आलं तं खरं," बायजाबाई म्हणाल्या, "पन चाल आमची हाये."