दारात उभी पोलिसांची चिलखती गाडी

बंदोबस्त उठून चार दिवस झाले, तरी पोलिसांची चिलखती गाडी आमच्याच दारात का उभी? टायर बसलाय म्हणे. मग बदला की!

आज माझ्या लेकीला, सुशीला, बघायला ओतूरचे पाव्हणे आले. गाडी दिसताच कोपऱ्यावर थबकले. मी धावत गेले, "या ना, पोहे गार होतात."

मुलाचा मामा म्हणतो, "ताई, तुमच्या घरावर पहारा बसलाय. आमी कसं यावं?"

"भाऊ, पहारा न्हाई, पंक्चर हाय ते!"

कोण ऐकतंय? आल्या पावली गेले. पोहे शेवटी गाडीतल्या शिपायांनीच खाल्ले.

आंबेगावकरांनो, मी बोलतेय आणि हे टाइप करतेय ती सुशीच. मी आता दमले. ओतूरला जाऊन खरं काय ते वर्दीतला कुणी सांगणार का? पोलीस ठाण्यातल्या साहेबांना विचारा आणि गुरुवारपर्यंत मला उत्तर द्या.