दोघांपुरता डबा

मी शिकवते ती शाळा सुटायच्या आधीच वासनिककाकांचा मुलगा फाटकाशी स्कूटर घेऊन उभा दिसला, आणि चरोद्याला काकांच्या घरी काहीतरी झालंय हे मला कळलं. माझे सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणायचो, सकाळीच डबा घेऊन तिकडे, आपल्या या दोस्ताकडे गेले होते. मी पोचले तर वासनिककाका मामाजींच्या उशाशी बसलेले. "पोटभर जेवला वं तो," ते म्हणाले. "दोन भाकरी खाल्ल्या, ताक पेला, अन् खुर्चीत टेकला... तो टेकलाच." मला रडू फुटलं. आणि खरं सांगते, त्याच क्षणी मनात कुठेतरी समाधानही वाटलं. कारण आठ वर्षांपूर्वी हाच माणूस भुकेनं आमच्या हातून जाता जाता राहिला होता.

मामाजी वर्ध्याकडचे, उभं आयुष्य इकडे पोलादाच्या प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये काढलेले. सकाळची पाळी करून आले की सहा पोळ्या आणि वर शेंगदाण्याची चटणी, असा आहार. सासूबाई समोर बसून गल्लीतल्या बातम्या सांगायच्या आणि हे जेवायचे. निवृत्तीनंतर दोन वर्षांत सासूबाई गेल्या. स्मृति नगरच्या घरातून माझे मिस्टर आठला निघत, मी दहाला. मामाजींचं ताट झाकून ठेवायचे. परत यावं तर ताट घासूनपुसून पालथं घातलेलं; मला वाटायचं, चला, जेवण होतंय. पण त्यांची पँट सुतळीनं बांधायची वेळ आली, आणि एक दिवस ते रेशनच्या रांगेतच कोसळले.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. "आजार काही नाही," ते म्हणाले, "पोटात अन्न नाही." उलगडा शेजारच्या मिश्राइनबाईंनी केला. "आपकी रोटियाँ तो रोज गाय खाती है. कितनी मोटी हो गई है, देखा नहीं?"

मी घरी येऊन फणकारलेच. "कावून असं करून राहिले मामाजी? माझ्या हातचं आवडत नाही?"

ते लहान पोरासारखे खाली बघत राहिले. "तुझ्या हाताले नाव नाही ठेवत वं माय. पण घर इतकं चूप असते... माझ्याच चावण्याचा आवाज मले ऐकू येते."

नोकरी सोडता येत नव्हती. पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर बाकावर बसून मी त्यांना हेच सांगत होते, तर शेजारचे गृहस्थ कान देऊन ऐकत होते. ते वासनिककाका. चरोद्याला राहणारे, रेल्वेतले निवृत्त गार्ड. त्यांचंही घर बायकोमागे सुनं झालेलं, पण त्यांचं दुखणं उलटं होतं: मुलगा-सून कामावर गेले की हे ठेल्याठेल्यावर समोसे आणि जिलेबी खात हिंडायचे, आणि साखर पार वर गेलेली. ते मोठ्यानं हसले. "मी खाऊन मरून राहिलो अन् हा उपाशी! आमाले शेजारी बसवा डॉक्टरसाहेब, दोघंही वाचू."

दुसऱ्याच दिवसापासून मी दोघांपुरता डबा भरायला लागले. ज्वारीच्या भाकरी, लाल भाजी म्हणजे आपला लाल माठ, घट्ट वरण, कांदा. मामाजी चालत स्टेशनावर जायचे, लोकलनं चरोद्याला उतरायचे. जेवण झालं की दोघं रेल्वेच्या यार्डाच्या कडेनं फेरी मारायचे. वासनिककाका इंजिनांच्या खोड्या सांगायचे, मामाजी भट्टीतून आलेल्या लालबुंद लोखंडाच्या. भांडणंही व्हायची, मीठ कमी की जास्त यावरून. तीन महिन्यांत सुतळी सुटली, पट्टा आला. काकांची साखरही उतरली. तो रिपोर्ट हातात पडला त्या आनंदात दोघांनी मिळून पाव किलो जिलेबी संपवली, आणि ते मामाजींनीच डॉक्टरांना सांगून टाकलं. काका आठवडाभर त्यांना "फितूर" म्हणत होते.

अशी आठ वर्षं गेली. मामाजींनंतर महिनाभर मला एकच काळजी होती, आता वासनिककाकांचं काय होईल? मागच्या रविवारी दार वाजलं. काकाच होते, घामेजलेले, हातात स्टीलचा डबा. "सुनेनं मेथीची भाजी देल्ली. म्हटलं आता मीच येत जातो."

माझे मिस्टर आणि काका जेवायला बसले. मी वाढत होते. काकांनी घास हातातच धरला. "तुझं ताट कुठाय?"

"तुमचं होऊ द्या, मी मागून जेवते."

"मागून म्हणजे? उभ्यानं, ओट्यापाशी?"

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. जवळजवळ रोज मी तशीच जेवत आले होते. मामाजींच्या जेवणाची इतकी चिंता वाहिली, पण स्वतःकडे कधी बघितलंच नाही... काकांनी आपला पाट सरकवला आणि मधे जागा केली. मी तिसरं ताट घेतलं आणि बसले. मेथीत मीठ जरा जास्त होतं. मी तसं सांगताच काका भांडायला सरसावून बसले.