प्रार्थनाघरातली ओवी
ज्वारीच्या ताज्या पिठाचा वास आला की मला वऱ्हाडात मेडशीजवळच्या आमच्या खेड्यातलं मातीचं प्रार्थनाघर आठवतं. इंग्रजी अमदानी होती. एका हिवाळ्यात आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळकबाबा बायबलाशेजारी संतांचे अभंग ठेवून वाचत बसत. एके दिवशी ते आईला म्हणाले, "बाई, तुमी दळताना गाता, त्याच चालीत येशू मरणातून पुन्हा उठल्याची गोष्ट गासान काय?" आईला अक्षरओळख नव्हती. त्यांनी तो अध्याय वाचून दाखवला, तिने ओव्या जुळवल्या. मंडळीच्या पंचाला हे रुचलं नाही. "प्रार्थनेत जात्यावरचं गाणं काहून? लोक हसतीन आपल्याले." पाळकबाबा म्हणाले, "प्रभूनं शेतकऱ्याले पेरणीचीच गोष्ट सांगतली. मंग आपली बोली दाराबाहेर कायले ठेवाव?" ईस्टरच्या सकाळी आई गायला उभी राहिली. पहिली ओवी तिने एकटीने गायली, पण दुसरीला मागच्या बायकांनी तिची ओळ झेलली, मग दारात थबकलेल्या शेजारणींनीही. कोणी हसलं नाही. पंचाची बायको सगळ्यांत मोठ्याने गात होती, आणि शेवटी पंचानेही टाळी धरली. पुढे मी शहरांतल्या मोठमोठ्या चर्चमधली गाणी ऐकली, पण देवाला आमची वऱ्हाडी कळते हे मला त्या सकाळीच समजलं, आणि तेव्हा ताठ झालेली माझी मान अजून खाली आलेली नाही.