सकाळी अकराची महिला सभा

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आणि जिच्यापासून माझं काही लपत नाही त्या बहिणीपाशीही नाही. बोलायला तोंड उघडावं आणि वाटावं — एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं? मी चोरी केली नाही, कुणावर हात उगारला नाही. एका सभेची वेळ, एवढंच तर होतं. पण खरंच एवढंसं असतं तर इतकी वर्षं मी ते पोटात ठेवलं असतं का?

मी बारामतीत राहते. गावानं आपला विकास आराखडा आपणच बसून कसा करावा, हे शिकवायला गावोगाव जायचं हे माझं काम. पुढच्या वर्षी गावात काय व्हावं — रस्ता, गटार, शाळेची खोली — हे वरून कुणी सांगायचं नाही, गावानं ठरवायचं. आधी शिवारफेरी काढायची, वस्तीवस्तीवर बसायचं. मग बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची आणि तिथं ठरेल ते ग्रामसभेपुढं ठेवायचं. बायकांची सभा वेगळी का? तर पुरुषांसमोर त्या बोलत नाहीत म्हणून. लोकसहभाग हा शब्द मी दिवसातून जितक्या वेळा उच्चारला असेल तितक्या वेळा पाणीही प्यायले नसेन. आणि माझा त्यावर विश्वास होता. नुसती पोटापाण्याची बडबड नव्हती ती. विश्वास नसता तर आज हे सांगणं सोपं गेलं असतं.

कळसच्या पलीकडं एक वाडी आहे. तिचं नाव सांगत नाही, कारण तिचा काही दोष नाही. तिथल्या पहिल्या महिला सभेची तयारी माझ्याकडं होती. सभेच्या आधी आठवडाभर मी वस्त्यांवर फिरत होते. एका दिवशी मक्याच्या रानात खुरपणाऱ्या बायकांची टोळी भेटली. पंधराएक जणी असतील. काही बौद्ध वस्तीतल्या, काही धनगरांच्या वाड्यावरच्या. टोळीची पुढारी शकुंतला, बौद्ध वस्तीतली, तिशीतली, काटक बाई. सगळ्या तिला शकुताई म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. बांधावर लिंबाच्या झाडाला साडीची झोळी बांधली होती, आत शकुताईचा धाकटा झोपला होता. बाकीची दोन-तीन पोरं मातीत बसली होती.

मी सभेचं सांगितलं. शकुताईनं खुरपं खाली ठेवलं आणि मला काही विचारू न देता ती म्हणाली, "म्याडम, आमाला रस्ता-बिस्ता काय नको. एक खोली द्या आन एक म्हातारी बाय बसवा. पोरं तितं ऱ्हातील. अंगणवाडी दुपारीच सुटती, आमी घरी जातो दिवस मावळताना. माझी थोरली आठवीत हाय, पर ह्याच्यापायी तिला घरी ठिवायची पाळी आलीय."

मी वहीत लिहून घेतलं — पाळणाघर. खाली दोन रेघा ओढल्या. मनात म्हटलं, हीच तर मागणी कागदावर यायला हवी, ही पुरुषांना सुचणारच नाही. मग मी सभेची वेळ सांगितली, सकाळी अकरा.

शकुताई हसली. "अकराला आमी रानात न्हाय का? सभेला आलं तर रोज बुडतोय, आन दुसऱ्या दिवशी मुकादम घेत न्हाय. तुमी दोनला हितंच या की. भाकरी खातखात बोलू सगळ्या. न्हायतर सांजच्याला घ्या, चुली पेटायच्या आदी."

मी म्हणाले, "बघते हं." आमच्या कामात बघते म्हणजे काय, ते बोलणाऱ्याला ठाऊक असतं. ऐकणाऱ्याला नसतं.

आता खरं कारण सांगायला हवं. किती टाळू? माझी एसटी पावणेदोनला होती. ती चुकली की पुढची पाचनंतर. दोनला बांधावर बसले असते तर उरलेले दोन-अडीच तास फाट्यावरच्या शेडमध्ये बसून काढावे लागले असते, आणि घरी पोचेपर्यंत अंधार. बस, एवढंच. घरी कुणी आजारी नव्हतं. लहान मूल वाट पाहत नव्हतं. असतं तर मी ते इथं आनंदानं लिहिलं असतं. मला फक्त कंटाळा आला होता.

आणि थोडं आणखी आहे. अकराला सभा समाजमंदिरात व्हायची. तिथं पंखा होता, खुर्च्या होत्या, बॅनर लावायला भिंत होती. सरपंचांच्या घरून पोहे यायचे. बांधावर बॅनर कुठं लावणार? फोटोत मका दिसला असता आणि बायका पाठमोऱ्या. म्हणजे एसटीसाठी म्हणून मी स्वतःची थोडी कीव करायला बघते, तेवढ्यात हा पंखा आठवतो.

सभा अकराला झाली. छान झाली, हे म्हणताना आजही लाज वाटते. सरपंचबाई आल्या, त्यांच्या दोन जावा आल्या, बचत गटाच्या सचिव, दुकानदाराची बायको, अंगणवाडीताई, रिटायर मास्तरांची मंडळी. चांगल्या बायका होत्या, मोकळं बोलल्या. समाजमंदिरापुढं फरशी हवी, चौकात दिवे हवेत, शाळेच्या मैदानात व्यायामाची साधनं हवीत. मी पाळणाघराचा विषय काढला. काढला नाही असं नाही. एक जाऊबाई म्हणाल्या, "ज्यांना पायजे त्या कुटं आल्यात?" सगळ्या हसल्या. आणि मीही हसले. पाळणाघर आराखड्यात गेलं नाही. पावणेदोनची गाडी मला मिळाली, खिडकीची जागासुद्धा मिळाली.

त्यानंतर अहवाल लिहायचा होता. त्याच्या छापील नमुन्यात एक रकाना होता — सभेची वेळ कोणी ठरवली? असा रकाना ज्यानं कुणी घातला तो माणूस हुशार होता. माझ्यासारख्यांना ओळखून होता. मी पेन हातात घेऊन किती वेळ बसले? फार नाही. लिहिलं — 'वेळ महिलांनी स्वतः, एकमताने ठरवली.'

खोटं ते हेच. चुकीची वेळ धरणं हा आळस झाला. त्या बायकांनी मला तोंडावर सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलट, त्यांच्याच नावानं लिहिणं — याला मी काय म्हणू?

पुढं जे झालं ते माझ्या हातात नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. त्या वाडीचा आराखडा लवकर मंजूर झाला, फरशी बसली, दिवे लागले. वाडीचं नाव झालं. दुसऱ्या गावांचे सरपंच, ग्रामसेवक गाड्या करून बघायला यायचे, नारळ-शाल व्हायची, आणि माहिती सांगायला मी. मग मला सांगण्यात आलं, हे सगळं पुस्तिकेत लिहून काढा, म्हणजे बाकीच्या गावांना वाट सापडेल. मी लिहिलं. एकेक पायरी, सोप्या भाषेत. चौथी पायरी महिला सभेची. त्यात ते वाक्य जसंच्या तसं आलं, शेपूट लावून — 'म्हणून सकाळी अकरा ही वेळ महिलांच्या सोयीची आहे.' इंदापूर तालुक्यातून ती पुस्तिका बारामतीत आली, तिथून पुढं कुठं कुठं गेली मला माहीत नाही. गावं माझ्या पुस्तिकेवरून सभा लावत होती. अकराला. जिथं एसटी जात नाही तिथंही.

शकुताई मला सात-आठ महिन्यांनी इंदापूरच्या बाजारात भेटली. मी भाजी घेत होते, तीही. विचारायचं नव्हतं तरी विचारलं, मुलगी काय म्हणते?

"घरीच हाय की," ती म्हणाली. "धाकट्याला बगती. शाळा सुटली तिची." आणि मग माझ्याकडं बघून, जणू मलाच वाईट वाटू नये म्हणून, "तुमी तरी काय करनार म्याडम. आमालाच येता आलं न्हाय सभंला."

तिथं सांगता आलं असतं ना? शकुताई, तुम्हाला येता येऊ नये अशी वेळ मी धरली. कोथिंबिरीची जुडी हातात होती, आजूबाजूला कुणी ओळखीचं नव्हतं, कुणी ऐकलं नसतं. मी म्हणाले, "पुढच्या वेळी नक्की या हं."

यापेक्षा वाईट पुढं आहे.

कोऱ्हाळ्याच्या बाजूला एका गावात प्रशिक्षण होतं. बऱ्याच वर्षांनंतरची गोष्ट. सभेच्या वेळेवर बोलणं चाललं होतं आणि मागून एक बाई उठली. ऊसतोडीची, हातावर कोयत्याचे वण. म्हणाली, "सभा सांजच्याला घ्या. सकाळी आमी कामाला असतो." तेच. इतक्या वर्षांनी, दुसऱ्या तोंडून, तेच. सरपंच म्हणजे वयस्क, शांत माणूस, गाव त्यांना आबा म्हणे. त्यांनी काही आवाज चढवला नाही. पिशवीतून माझी पुस्तिका काढली, चौथी पायरी उघडली आणि बोट ठेवून वाचून दाखवली. "अगं बाय, बायकांनीच ठरवलीय ही येळ. हितं छापलंय. व्हय ना म्याडम?"

सगळे माझ्याकडं बघत होते. ती बाईही बघत होती — मी नाही म्हणेन अशा आशेनं. मी एक बाई, तीही बाई. मी मान हलवली. होय म्हणून.

ती खाली बसली. पदर सारखा केला आणि पुन्हा बोलली नाही. सबंध दिवसात नाही. एखाद्या बाईला गप्प करायला काय लागतं हे मी शिबिरातून तासतास समजावून सांगायची — नवऱ्याची नजर, सासऱ्याचा खाकरा. त्या दिवशी माझी मान पुरली. जेवणाच्या सुट्टीत मी तिला शोधलंसुद्धा नाही. तिचं नाव मला आजही माहीत नाही.

मागच्या उन्हाळ्यात शकुताईच्या थोरलीचं लग्न झालं. मला आवर्जून पत्रिका आली, मी गेले. वस्तीतच मांडव होता. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, जेवणं चालू होती आणि माइकवरून माझं नाव पुकारलं. शकुताई स्वतः शाल घेऊन आली. माइक धरायची सवय नसल्यानं तो ओठांना टेकवून ती म्हणाली, "ह्या म्याडम बारामतीवरनं आल्यात. आपल्या बायकांची सभा ह्यांनीच चालू केली. आदी आमाला कोन इचारत हुतं?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरी वाकून माझ्या पाया पडली. छान दिसत होती. आठवीत असताना कशी दिसायची, मला ठाऊक नाही. मी तिला तेव्हा पाहिलंच नव्हतं, फक्त वहीत तिच्यासाठी एक शब्द लिहून घेतला होता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, सुखी राहा म्हणाले, आणि शाल अंगावर घेऊन पंगतीला बसले. घास उतरला का म्हणाल — उतरला. दोन वेळा भात घेतला.

लग्नानंतर दहा-बारा दिवसांत पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं माझ्याकडं तपासायला आली. काही बदल असतील तर करा, असं सोबत लिहिलं होतं. घरात कुणी नव्हतं, टेबलावर लाल पेन होतं. मी पहिल्या पानापासून नीट वाचत गेले. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं, एका चित्राखालची ओळ बदलली, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले. चौथी पायरी आली. ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि पान उलटलं.

आवृत्ती छापून झाली आहे, वाटलीही जाते आहे. बायकांनी एकमतानं ठरवलेली वेळ म्हणून तिच्यात जी लिहिली आहे ती त्यांनी ठरवलेली नाही. त्यांनी दुसरी सांगितली होती, मी ऐकली होती, आणि मी माझी लिहिली.